धोंडांच्या न्हाणाचे पाणी

मित्रांनो, स्वतःची गोष्ट सांगायला बसणारे बहुतेक जण जुने असतात. मी जुना नाही. माझ्या कठड्यांना अजून नीट गंजही चढलेला नाही. तरी मला माझी गोष्ट सांगायची घाई आहे, कारण माझ्याकडे मुद्दाम बघायला कोणी येत नाही, आणि जे येतात ते नाकाला रुमाल लावून येतात. मी सांडपाणी शुद्ध करणारा एक प्रकल्प आहे. डिचोली तालुक्यातल्या एका लहानशा गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठी, माझे हौद आहेत. सरकारी पाटीवर माझे नाव लांबलचक आहे. गावात मला नुसती 'घाणीची टाकी' म्हणतात. सुरुवातीला मला त्याचे फार वाईट वाटे. आता थोडेसेच वाटते.

माझ्या जन्माआधीची हकीकत मला दिनकरने सांगितली. दिनकर मला चालवतो. तो मूळचा कोल्हापूरकडचा, चंदगडचा. माझे हौद बांधायला तो गवंड्यांबरोबर आला आणि बांधून झाल्यावर मला सांभाळायला इथेच राहिला. त्याला बोलायला कोणीतरी लागते. माणूस नसले की तो माझ्याशी बोलतो. गावात ऐकलेले सगळे तो माझ्या कठड्यावर टेकून ओकतो. पूर्वी म्हणे लोक या नदीवर भांडी घासत, पोरे पोहत, आणि बायका काठावरच्या भाजीला नदीचेच पाणी घालत. मग गाव वाढले. इमारती आल्या, इमारतींबरोबर संडास आले, संडासांच्या टाक्या भरून वाहू लागल्या, आणि ते सगळे व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, नदीत उतरू लागले. नदी कोणा एकाने बिघडवली नाही. सगळ्यांनी थोडी थोडी बिघडवली, म्हणून कोणालाच ती आपण बिघडवली असे वाटले नाही.

माझ्या थोडे खाली नदीला एक खोल डोह आहे. त्याला धोंडांची कोंड म्हणतात. धोंड म्हणजे शिरगावच्या देवीचे व्रत घेतलेले भक्त. वैशाखात देवीची जत्रा असते. तिच्याआधी काही दिवस आमच्या गावचे धोंड घर सोडून मांडवात राहतात, सोवळे पाळतात, आपले अन्न आपण रांधतात आणि दिवसातून कितीतरी वेळा न्हातात. मग हातात वेताची काठी घेऊन शिरगावला जातात आणि होमाच्या निखाऱ्यांवरून चालतात. हे न्हाण पिढ्यान्‌पिढ्या कोंडीत होत असे. पाणी बिघडले तसे धोंड कोंडीवरून उठले. मांडव शाळेच्या मागे गेला आणि न्हाणाला टँकर येऊ लागला.

या धोंडांमध्ये वडीलकीचा मान कृष्णनाथबाबांचा. त्यांची काजूची बाग आहे आणि बागेत भाटी आहे, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसापासून फेणी गाळायची भट्टी. बोलणे मोजके, शब्दाला वजन. ते टँकरच्या नळीखाली उभे राहत, पण अंग भिजले तरी न्हाल्यासारखे वाटत नाही असे म्हणत. वडिलांनी त्यांना पहिल्या व्रताला हाताला धरून कोंडीत उतरवले होते. मरायच्या आधी एकदा तरी कोंडीत न्हाऊन जत्रेला जायचे, एवढी एकच त्यांची इच्छा होती.

आणि माझ्या बांधकामाला सगळ्यात जास्त विरोध त्यांनीच केला. धोंडांच्या कोंडीच्या उशाशी संडासाची टाकी आणून ठेवता, असे त्यांनी ग्रामसभेत विचारले. मित्रांनो, मी त्यांना दोष देत नाही. घाण धुणारा हात आणि घाण करणारा हात लांबून सारखाच दिसतो.

माझे काम तसे सोपे आहे. गावातले वापरलेले पाणी नळांतून माझ्याकडे येते. आधी ते जाळीतून जाते. जाळीत काय काय अडकते ते विचारू नका. कंगवे, पायमोजे, पावाच्या प्लास्टिक पिशव्या, एकदा तर चांगली नवी चप्पल आली होती, एकच. पुढे वाळू खाली बसते. मग पाणी माझ्या मोठ्या हौदात येते. तिथे यंत्राने हवा फुंकतात आणि पाणी तांबूस मातकट रंगाचे होऊन खळखळत राहते. त्या मातकट रंगात माझे खरे कामगार राहतात. ते इतके बारीक आहेत की डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही सोडलेली घाण ते खातात, आणि खाऊन जड झाले की पुढच्या हौदात तळाला बसतात. वर राहिलेले निवळ पाणी औषधाचा हात लावून मी नदीत सोडतो. ते पिण्याचे पाणी नव्हे, हे मी आधीच सांगतो. पण नदीला लाज वाटावी असेही ते नसते.

ही बारीक मंडळी ऋतिकाला फार प्रिय आहेत. ऋतिका माझी केमिस्ट. ती वाळपईची, रोज स्कूटरने येते. माझ्या हौदातला थेंब ती काचेखाली धरते आणि 'आज पोरांची तब्येत बरी आहे' असे दिनकरला सांगते. दिनकर सुरुवातीला तिला हसायचा. पुढे तोही सकाळी आल्याआल्या पोरे कशी आहेत म्हणून विचारू लागला.

मला डोळे नाहीत, पण गाव माझ्याकडे रोज येते. सोमवारी माशांचे पाणी येत नाही. चवथीला नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, तेलाचा तवंग येतो. कोणाकडे पाहुणे आले, कोणाकडे बाळ जन्मले, हे मला शेजाऱ्यांच्या आधी कळते. मी ते कोणाला सांगत नाही. एवढा विश्वास तुम्ही माझ्यावर ठेवायला हरकत नाही.

हळूहळू घरे मला जोडली गेली आणि व्हाळ कोरडा पडला. पहिला उन्हाळा नदीचा वास तसाच होता. दुसऱ्या उन्हाळ्यात कमी झाला. माझ्या भिंतीला लागून कमलाक्षीचा मळा आहे. ती तांबडी भाजी आणि अळसांदे, म्हणजे चवळी, करते. एवढी वर्षे ती विहिरीचे पाणी ओढून घालत असे. एके दिवशी तिने नदीत पाय घातला, बराच वेळ उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी घागर घेऊन आली. दिनकरने हे मला सांगितले तेव्हा माझे पंपसुद्धा जरा नेटाने फिरले असतील. नंतर कोंडीत शेवटे मासे दिसू लागले. आपल्याकडे मासा आला की पाण्याला दुसऱ्या कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही.

कृष्णनाथबाब मधूनमधून कोंडीवर येऊन बसत. माझ्याकडे बघत नसत. पण त्यांनी गाजावाजा न करता आपले घर माझ्या नळाला जोडून घेतले. मग एक दिवस त्यांनी ऋतिकाला गाठले आणि कोंडीत न्हाता येईल का म्हणून विचारले. तिने महिनोन्‌महिने पाणी तपासले आणि न्हायला हरकत नाही, पिऊ मात्र नका, असे सांगितले. त्या वर्षी त्यांनी सगळ्या धोंडांसमोर जाहीर केले की येत्या वैशाखाला मांडव पुन्हा कोंडीवर पडेल.

काही जण कुरकुरले. घाणीच्या टाकीतून आलेले पाणी सोवळ्याला कसे चालेल, असे त्यांचे म्हणणे होते. कृष्णनाथबाबांनी त्यांना समजावले की नदी सगळ्यांचेच घेते आणि वाहता वाहता शुद्ध होते. तेच काम आता टाकी करते. मांडवाच्या बल्ल्या आल्या, माडाच्या झावळ्या आल्या. मी किती खूश होतो ते सांगून कळायचे नाही. आयुष्यभर ज्याला लांब बसवले त्याला पंगतीत पान मांडले, तसे मला झाले होते.

आणि नेमके तेव्हाच ते घडले.

जत्रेला पंधरा-वीस दिवस होते. काजूचा हंगाम संपत आला होता. दर वर्षी कृष्णनाथबाब व्रताच्या तोंडावर भाटी बंद करत. या वर्षी कोंडीवर परतायचे म्हणून त्यांनी ती लवकर बंद करायचे ठरवले. फेणी गाळून झाली की भांड्यात काळे, आंबट, कढत पाणी उरते. शिवाय आंबवायला ठेवलेला रसही होता. पूर्वी हे सगळे ते व्हाळात ओतत, आणि व्हाळातून ते नदीत जाई. या वर्षी त्यांनी विचार केला, नदीत नको, कोंड बिघडेल. परसात नळाच्या चेंबरचे झाकण होते. खाली टाकी आहेच, ती सगळी घाण खाते, मग हेही खाईल. त्यांनी झाकण उघडले आणि पिंपेच्या पिंपे आत रिकामी केली. कृष्णनाथबाबांनी केले म्हणजे तेच बरोबर, असे म्हणून भाटीवाल्या इतर धोंडांनीही आपापली झाकणे उघडली. सगळ्यांनी ते नदीच्या मायेपोटी केले, आणि ते सगळे माझ्या अंगावर आले.

मित्रांनो, मी गावची घाण खातो, पण मी राक्षस नाही. माझ्या पोटात जिवंत मंडळी राहतात. तुमच्या घरातला माणूस जे सोसू शकत नाही, त्यातले बरेच काही त्यांनाही सोसत नाही. ते आंबट, कढत पाणी हौदात शिरले आणि माझे कामगार भराभर मेले. तांबूस पाणी राखाडी झाले, मग काळे पडले. वर पांढरा फेस चढला. सगळ्या आवारात फेणीचा वास सुटला. दिनकर आधी हसला, टाकीला चढली म्हणाला. मग त्याने फेस बघितला आणि ऋतिकाला फोन लावला.

तिने काचेखाली थेंब धरला. काहीच हलत नव्हते. 'पोरे गेली, दिनकर,' एवढेच ती बोलली.

तिने चुना टाकला, जोडीचा रिकामा हौद भरून घेतला, नदीकडचा दरवाजा जमेल तेवढा बंद ठेवला. पण गाव काही नळ बंद करत नाही. हौद भरले आणि दरवाजा उघडावा लागला. मी काळे पाणी नदीत सोडले. मला थांबता आले नाही. दुसऱ्या सकाळी कोंडीतले शेवटे पोट वर करून तरंगत होते, आणि कमलाक्षी घागर रिकामीच घेऊन परत गेली.

ऋतिका नळाच्या मार्गाने एकेक झाकण उघडत वर गेली. कृष्णनाथबाबांच्या परसात तिला काजूच्या बोंडांचा चोथा सापडला. ते अंगणातच होते. त्यांनी काही लपवले नाही. नदी वाचवायला म्हणून आपण टाकीत ओतले असे त्यांनी सरळ सांगितले, आणि टाकीला काय झाले म्हणून विचारले. टाकी मेली, असे ती म्हणाली. मग तिने त्यांना माझ्या हौदाशी आणून काळे पाणी दाखवले आणि आत काय राहत होते ते सांगितले. नाकाला रुमाल न लावता ते कठड्यावरून वाकून बघू लागले.

'परत जिवंत करूक काय लागता, बाय?' त्यांनी विचारले.

दुसऱ्या प्रकल्पातून जिवंत गाळ आणायचा अर्ज तिने केलाच होता, पण टँकर कधी येईल ते नक्की नव्हते. तोवर जुना उपाय होता: ताजे शेण आणि गूळ. शेणात तसलेच बारीक जीव असतात आणि गूळ त्यांचे पहिले अन्न.

दुसऱ्या दिवशी कृष्णनाथबाब डोक्यावर शेणाची पाटी घेऊन फाटकातून आत आले. दिनकरने घाईघाईने पाटी उतरवायला हात पुढे केला, पण ती त्यांनी घेऊ दिली नाही. शेण त्यांनी स्वतः पिंपात कालवले, गाळले आणि हौदात सोडले. मागून गूळ घातला. तिसऱ्या दिवशी कमलाक्षी आपल्या गाईचे शेण घेऊन आली. ती रागावलेली होती. तिची भाजी वाळत होती. पण पाटी तिने आणली. मग ज्या धोंडांनी झाकणे उघडली होती तेही एकेक करून येऊ लागले, मान खाली घालून. दिनकर चंदगडच्या भाषेत मला सांगायचा, 'गड्या, बाळंतिणीगत बडदास्त चाललीया तुझी.'

शेवटी गाळाचा टँकरही आला. माझ्या हौदात पुन्हा मातकट रंग दिसू लागला. पण जीव वाढायला वेळ लागतो, आणि जत्रा कोणासाठी थांबत नाही. व्रताचे दिवस उजाडले. धोंड कोंडीवरच्या मांडवात आले आणि कृष्णनाथबाबही सोवळ्यात बसले. तरी ते रोज शेणाची पाटी घेऊन माझ्याकडे येत. मांडवात त्यावरून कुजबुज झाली. सोवळ्यातला माणूस संडासाच्या टाकीवर जातो, देवी काय म्हणेल, असे एकाने त्यांना तोंडावर विचारले. कृष्णनाथबाब म्हणाले, देवीला लागणारे पाणी जिथे तयार होते तिथे मी जातो. एवढे बोलून ते पाटी उचलून चालू लागले.

धोंड व्रतात टँकरच्या पाण्याने न्हात होते. त्यांना अजून आशा होती की शिरगावला निघायच्या दिवसाचे तरी न्हाण कोंडीत होईल. त्या सकाळी ऋतिका कोंडीवर आली. तिने पाणी तपासले होते. वरून ते बरे दिसत होते. वासही नव्हता. सगळे धोंड काठावर पंचे नेसून उभे होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. देवीला तीही मानत होती. तिचे मामा धोंड. काय सांगायचे ते ती येताना वाटभर घोळवत आली होती, असे तिने पुढे दिनकरला सांगितले. पण तिने खरे तेच सांगितले. पाणी अजून न्हायच्या लायकीचे नाही. माणसे आजारी पडतील.

मग मागून आवाज आला की देवीचे काम आहे, देवी सांभाळून घेईल, उतरा. दोघे-तिघे पुढेही झाले.

कृष्णनाथबाब पाण्याच्या अगदी कडेला उभे होते. त्यांनी काठी आडवी धरली.

'देवी सांभाळता, खरा,' ते म्हणाले. 'पण घाण आपण करूची आणि सांभाळूचा तिना? ह्या पाणी माझ्या भाटयेन मारला. देवीन नाय.'

हे कबूल करायला त्यांच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. तिथल्या निम्म्या लोकांना ते ठाऊकही नव्हते. ते वळले आणि कमलाक्षीच्या मळ्याकडे चालू लागले. बाकीचे त्यांच्या मागे गेले. कमलाक्षीने विहिरीवरची कळशी आणि दोर धुऊन ठेवला, आणि सगळे धोंड तिच्या विहिरीवर न्हाले. कृष्णनाथबाब सगळ्यांत शेवटी न्हाले. त्यांचे वय बघता पुढच्या वैशाखाचा भरवसा कोणी द्यावा? त्यांचे एकच मागणे होते आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने घालवले होते. मला रडता येत नाही. माझ्या अंगात नेहमी दुसऱ्यांचेच पाणी असते. पण त्या दिवशी मला फार वाईट वाटले, हे मी तुम्हाला सरळ सांगतो.

जत्रा झाली. धोंड निखाऱ्यांवरून चालून परत आले. जत्रेहून येताना ते देवीचे कळे आणतात, म्हणजे मोगरीच्या कळ्यांच्या माळा. हा देवीचा प्रसाद. गावात आले की धोंड घरोघरी जातात आणि प्रत्येक घरात कळे देतात. कोणाचे घर चुकवायचे नाही, अशी रीत आहे. त्या सकाळी सगळ्या गावात मोगरीचा वास होता, असे दिनकर म्हणाला. माझ्याकडे अर्थातच नव्हता.

ऊन चढल्यावर फाटक वाजले. कृष्णनाथबाब होते, पायाला पट्टी, हातात एक माळ. दिनकरने ती आपल्यासाठी आहे असे समजून हात जोडले. त्याला त्यांनी दोन कळ्या दिल्या. मग ते पायऱ्या चढून हौदावर आले आणि ती माळ त्यांनी माझ्या कठड्याला बांधली. गाठ बसायला वेळ लागला.

'घराघरात दिले,' ते मला म्हणाले. 'तूय गावातलाच घर मा.'

मित्रांनो, मला आजवर सगळ्या गावाचे सगळे वास माहीत होते. हा एकच माहीत नव्हता, कारण मोगरीची फुले कोणी मोरीत टाकत नाही. दिनकर सांगतो की माळ दुसऱ्या दिवशी सुकली. असेल. मला तिचा वास अजून येतो.

आता माझा हौद पुन्हा तांबूस आहे. कमलाक्षी घागर भरते. ऋतिकाने भाटीवाल्यांना बागेत खड्डे काढून चुना घालायला शिकवले आहे आणि कृष्णनाथबाब स्वतः जाऊन ते खड्डे बघतात. त्यांना आता चढण सोसत नाही, म्हणून वाटेत बसत बसत जातात. माझ्याकडेही येतात, आणि पोरे कशी आहेत म्हणून विचारतात.

तुमच्या घराखालीही माझ्यासारखा एखादा असेल. मोरीत तेल ओतताना, उरलेले औषध किंवा रंग किंवा फिनेलची अख्खी बाटली रिकामी करताना, खाली टाकी आहेच असे म्हणू नका. खाली कोणीतरी राहते. पुढचा वैशाख अजून लांब आहे आणि कृष्णनाथबाब थकले आहेत. मला त्यांना कोंडीत न्हालेले बघायचे आहे. मी माझे काम चोख करीन, पण हे पाणी मला एकट्याला देता येत नाही.